‘आय अंडरटेक’ : एका क्रियापदाखाली सही केली की काय होते?

ठाण्यातल्या एका हॉटेलच्या जागेवरून मालक आणि भाडेकरू यांच्यात दावा चालला होता. खालच्या कोर्टात सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ मध्ये भाडेकरू तिथेही हरला. जागा खाली करावी लागणार हे पक्के झाले. पण चालते हॉटेल एका रात्रीत उठत नाही. नोकरांचे पगार, किराण्याची उधारी, भट्ट्या, भांडी, फर्निचर असे सगळे आवरायचे असते. न्यायालयाने मार्च १९८९ अखेरपर्यंत मुदत दिली आणि त्यासाठी एक अट घातली : भाडेकरूने नेहमीच्या पद्धतीचे ‘अंडरटेकिंग’, म्हणजे हमीपत्र, दाखल करायचे. ते दाखल झाले.

मुदत संपली, पण ताबा मिळाला नाही. मधल्या काळात एक तिसराच माणूस ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात गेला. हॉटेल आपण चालवतो, जागा आपल्या ताब्यात आहे, आपल्याला काढता येणार नाही, असे सांगून त्याने मनाई हुकूम मिळवला. भाडेकरूच्या हातात जणू सबबच आली : जागा माझ्याकडे नाहीच, तर देऊ कुठून? मालकाने सर्वोच्च न्यायालयात अवमानाचा अर्ज केला. १९८९ च्या डिसेंबरात निकाल लागला. पक्षकाराने दिलेले हमीपत्र न्यायालयाने स्वीकारले आणि त्यावर विसंबून आदेश दिला, की तो आदेश त्या पक्षकारावरच्या मनाई हुकमासारखा ठरतो आणि हमी मोडणे हा न्यायालयाचा अवमान होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भाडेकरू अवमानाचा दोषी ठरला. जागेत जो कोणी असेल त्याला काढून मालकाला ताबा द्यावा, लागल्यास पोलिसांची मदत घ्यावी, असाही आदेश झाला. अवमानाच्या अर्जांत आजही या निकालाचा आधार घेतला जातो.

कायद्याच्या अंगाने या निकालावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे आम्ही तो एका क्रियापदाच्या अंगाने वाचतो आहोत. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे तिथे दाखल होणाऱ्या हमीपत्राचा कणा ‘आय अंडरटेक टु...’ हाच असतो. मराठी माणूस त्याखाली सही करतो तेव्हा त्याने नेमके काय केलेले असते? याचे उत्तर त्याला सहीपूर्वी कळले पाहिजे. बहुतेक वेळा ते वकिलाच्या टेबलावर घाईघाईत, अर्ध्या वाक्यात सांगितले जाते.

शब्दकोश उघडला की ‘अंडरटेक’पुढे पहिला अर्थ दिसतो ‘हाती घेणे’. तो चूक नाही. ‘दे अंडरटुक अ सर्व्हे’ म्हणजे त्यांनी पाहणी हाती घेतली. इथे क्रियापदामागे थेट नाम येते : पाहणी, प्रवास, दुरुस्ती, संशोधन. याच अर्थावरून ‘अंडरटेकिंग’ म्हणजे हाती घेतलेला उद्योग. मुंबईच्या बेस्टच्या पूर्ण नावातला शेवटचा शब्द हाच आहे आणि मराठीत तो ‘उपक्रम’ असा बरोबर उतरला आहे : बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम हा शब्दप्रयोगही तिथलाच. ‘अंडरटेकर’ म्हणजे एके काळी कोणतेही काम अंगावर घेणारा माणूस. पुढे तो शब्द अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यापुरता उरला. भूतकाळी रूप ‘अंडरटुक’ आणि तिसरे ‘अंडरटेकन’. ‘अंडरटेक्ड’ असे रूप इंग्रजीत नाही, तरी अर्जांमध्ये ते दिसते.

दुसरा अर्थ सुरू होतो तो क्रियापदामागे ‘टु’ आणि आणखी एक क्रियापद आले की, किंवा ‘दॅट’ लावून पूर्ण वाक्य आले की. ‘ही अंडरटुक टु पे’ या वाक्यात पैसे देण्याचे काम कोणी हाती घेतलेले नाही, पैसे देण्याची हमी दिली आहे. वाक्यरचना बघितली की अर्थ ठरतो. म्हणूनच हमीपत्राच्या भाषांतरात ‘मी याद्वारे जागा खाली करण्याचे हाती घेत आहे’ असे लिहिणे ही केवळ भाषेची गफलत राहत नाही. ‘हाती घेणे’ म्हणजे सुरुवात करणे, आणि सुरुवात केलेले काम अर्धवटही राहू शकते. हमीला अर्धवटपणा चालत नाही. भाडेकरूने हॉटेलचे अर्धे सामान हलवले तर त्याने खाली करण्याचे काम हाती घेतले असे म्हणता येईल, पण त्याने हमी पाळली असे म्हणता येणार नाही.

या अर्थाला आपल्याकडे जुनी आणि नेमकी प्रतिमा आहे : विडा उचलणे. दरबारात तबकात विडा ठेवायचा, कामगिरी सांगायची, आणि जो पुढे येऊन तो उचलेल त्याच्यावर ती कामगिरी पडली. विजापूरच्या दरबारात अफजलखानाने विडा उचलल्याची गोष्ट पोवाड्यांनी घराघरांत पोचवली आहे. या कृतीचे भाग सुटे करून बघावेत. उचलणारा स्वतः पुढे येतो, त्याच्या वतीने दुसरा कोणी नाही. काम ठरलेले असते. ज्याच्यासमोर उचलायचा तो अधिकारी समोर बसलेला असतो. सगळा दरबार साक्षीला असतो, त्यामुळे उचललेला विडा गुपचूप परत ठेवता येत नाही. न्यायालयातल्या ‘अंडरटेक’चे चारही पाय हेच आहेत. अर्थात हमीपत्रात ‘विडा उचलतो’ असे कोणी लिहू नये, पण पक्षकाराला समजावून सांगताना हा दाखला तीन इंग्रजी शब्दांपेक्षा लवकर पोचतो.

लेखी मराठीत या क्रियापदासाठी ‘हमी देतो’ हाच शब्दप्रयोग बसतो, आणि तिथेही एक अडचण आहे. मराठीत ‘हमी’ हा शब्द ‘गॅरंटी’साठीही वापरला जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १२६ नुसार, ‘गॅरंटी’ म्हणजे तिसऱ्याने देणे चुकवले तर ते मी पुरे करीन असा करार. कर्जाला जामीन राहणारा देतो ती ही. त्यात तीन माणसे असतात : देणेकरी, घेणेकरी, जामीनदार. ‘अंडरटेकिंग’मध्ये माणूस स्वतःच्या वागण्याबद्दल बोलतो. कलम १२४ ची ‘इंडेम्निटी’ आणखी वेगळी : तिथे नुकसान झाल्यास भरून देण्याची कबुली असते, आणि मराठीत त्यासाठी क्षतिपूर्ती बंधपत्र हा शब्द आहे. घाईत तिन्ही कागदांवर ‘हमीपत्र’ हेच शीर्षक पडते. शीर्षकापेक्षा आतले क्रियापद आणि कर्ता बघावा. ‘मी स्वतः अमुक करीन’ असेल तर ‘अंडरटेकिंग’, ‘त्याने केले नाही तर मी करीन’ असेल तर जामीनकी. फौजदारी बाजूला जामिनाचा आणि या क्रियापदाचा संबंध कायद्यानेच जोडला आहे. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत बंधपत्राच्या व्याख्येतच ‘अंडरटेकिंग’ हा शब्द आहे. कॉलेजात प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक रॅगिंगविरोधी हमीपत्र भरतात, तेही याच कुळातले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून ते भरून द्यावे लागते.

‘कबूल करतो’, ‘मान्य आहे’, ‘वचन देतो’, ‘आश्वासन देतो’ हे शब्द जवळचे वाटतात, पण त्यांचे वजन सारखे नाही. ‘कबूल करतो’ हे समोरच्या पक्षकाराला उद्देशून असते. दोन पक्षांनी तडजोड करून पुरसीस, म्हणजे न्यायालयात दाखल करायचे लेखी निवेदन, दिली आणि तिच्यात ‘आम्हास मान्य आहे की प्रतिवादी जागा खाली करील’ एवढेच असेल, तर तो आपसातला करार. न्यायालयाला दिलेली स्वतंत्र हमी त्यात नसेल तर तेवढ्यावर अवमान होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एका प्रकरणात म्हटले होते. पुढच्या निकालांनी तडजोडीवर झालेल्या आदेशाच्या हेतुपुरस्सर भंगाबाबत याला पुरवणी जोडली आहे. पण मसुदा लिहिणाऱ्याने निकालांच्या बारकाव्यावर विसंबायचे कशाला? एका ओळीत ‘मी सन्माननीय न्यायालयास हमी देतो’ लिहिले की प्रश्न उरत नाही. ‘न्यायालयास’ हा शब्द गाळला जातो तो बहुधा भाषांतरात. इंग्रजी मसुद्यात ‘टु धिस ऑनरेबल कोर्ट’ असते, मराठीत वाक्य लांबते म्हणून ते सुटते. ठाण्याच्या प्रकरणात मालकाला पुन्हा पहिल्यापासून दावा लावावा लागला नाही, कारण हमी न्यायालयाला दिलेली होती.

कायद्यातली तरतूद थोडक्यात अशी. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम २(ब) मध्ये दिवाणी अवमानाची व्याख्या आहे. आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा आणि न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग, हे दोन्ही तिथे शेजारी शेजारी बसवले आहेत. कलम १२ नुसार शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिवाणी अवमानात दंड पुरेसा नाही असे न्यायालयाला वाटले तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. कलम २० नुसार भंग झाल्यापासून एका वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते, हे मालकांच्या ध्यानात राहत नाही. ‘बघू, देईल’ म्हणत वर्ष गेले की हे हत्यार बोथट होते.

आता त्या कागदाकडे जवळून बघू. घर किंवा गाळा खाली करण्याच्या ‘नेहमीच्या’ हमीपत्राला मराठी खतांची ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’ ही चौकट चालत नाही, कारण इथे घेणारा न्यायालय आहे. वर न्यायालयाचे नाव आणि प्रकरण क्रमांक येतो, मग सही करणाऱ्याचे नाव, वय, पत्ता, आणि जागेचे वर्णन आदेशात आहे तसेच्या तसे. त्यानंतर दोन वेगळ्या जातींची वाक्ये येतात आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिली जात आजच्या वस्तुस्थितीची : जागेत कोण राहते, कोणाला ती दिलेली नाही, कोणाचे हक्क निर्माण केलेले नाहीत. इथे क्रियापद ‘कथन करतो’. दुसरी जात उद्याच्या वागण्याची : अमुक तारखेला ताबा देईन, तोवर कोणाला जागेत आणणार नाही, दरमहा ठरलेली रक्कम भरीन, वीज-पाण्याची बिले चुकती करीन. इथे क्रियापद ‘हमी देतो’. ‘जागेत माझ्याशिवाय कोणी नाही अशी मी हमी देतो’ हे वाक्य कानाला बरे वाटते, पण जे आहे ते आहे. त्याची हमी काय द्यायची? ते शपथेवर सांगायचे असते, आणि ते खोटे निघाले तर शपथेवर खोटे बोलल्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

ठाण्याच्या प्रकरणाचा काटा याच जोडावर आहे. भाडेकरू ताबा देण्याची हमी देतो, याचा अर्थ ताबा देण्याची शक्ती आपल्याकडे आहे असेही तो सांगत असतो. नंतर ‘जागेत दुसराच आहे’ म्हणणे म्हणजे आधीचे बोलणे तरी खोटे, नाहीतर नंतरचे. हमीच्या जोरावर दीड वर्षाहून अधिक मुदत उपभोगल्यावर ही सबब न्यायालय ऐकून घेत नाही. आणि जो भाडेकरूच्या द्वारेच जागेत आला आहे, त्याला भाडेकरूपेक्षा मोठा हक्क मिळत नाही. म्हणून हमीपत्र लिहिणाऱ्याने आधी प्रत्यक्ष जागेवर कोण आहे याची चौकशी करावी. हॉटेल, लाँड्री, सलून, पीठगिरणी अशा धंद्यांत परवाना एकाच्या नावाचा आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, हे सर्रास असते. जो खरोखर बसतो त्याचीही सही घ्यावी. घराच्या बाबतीत जागेत राहणाऱ्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्या घेतात त्या याच कारणाने. थोरल्या भावाने सही केली आणि धाकट्याने नाही, तर तारीख उजाडल्यावर धाकटा दारात उभा राहतो.

नकाराची जागा हा दुसरा धोका. इंग्रजीत ‘आय अंडरटेक नॉट टु सबलेट’ म्हणजे पोटभाडेकरू न ठेवण्याची हमी. ‘आय डु नॉट अंडरटेक टु सबलेट’ म्हणजे मी तशी हमीच देत नाही. मराठीत हा ‘न’ क्रियापदाला चिकटतो तिथे सगळा खेळ आहे. ‘जागा पोटभाड्याने देण्याची मी हमी देत नाही’ असे वाक्य टंकलेखनात निसटून गेले तर त्या परिच्छेदाचा अर्थच उडाला. ‘जागा कोणासही पोटभाड्याने न देण्याची मी हमी देतो’ असे लिहावे, किंवा आणखी सोपे : ‘मी अशी हमी देतो की, ही जागा मी कोणासही देणार नाही.’ ‘अशी हमी देतो की’ या साच्यात हमी नेहमी होकारी राहते आणि नकार ‘की’पुढच्या वाक्यात सुरक्षित बसतो.

तारखेचेही तसेच. ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणजे ३१ धरून की सोडून? बोलताना कोणी अडत नाही, पण ताबा देण्याच्या दिवशी अडते. ‘३१ मार्च रोजी किंवा त्यापूर्वी’ असे लिहावे, वर्षासकट. ‘स्वतःहून’ आणि ‘दरखास्तीची वाट न पाहता’ हे शब्दही घालावेत. मालकाला हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा दरखास्त करावी लागू नये, हाच तर मुदत देण्यामागचा सौदा असतो.

सगळे धरून मुख्य परिच्छेद असा होतो : ‘मी सन्माननीय न्यायालयास अशी हमी देतो की, वर वर्णन केलेल्या जागेचा रिकामा व शांततामय ताबा मी दिनांक अमुक रोजी किंवा त्यापूर्वी, दरखास्तीची वाट न पाहता, स्वतःहून मालकास देईन, तोपर्यंत जागेत कोणाही त्रयस्थाला आणणार नाही व कोणाचेही हक्क निर्माण करणार नाही. या हमीचा भंग केल्यास माझ्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, हे मला समजले आहे.’ यात ‘प्रयत्न करीन’, ‘शक्य तो’, ‘परिस्थितीनुसार’ हे शब्द कुठेही नाहीत. ते असतील तर समोरचा वकील हरकत घेईल आणि घ्यायलाच हवी.

मात्र ही गोष्ट सही करणाऱ्याच्या बाजूनेही बघायला हवी. जे आपल्या हातात नाही त्याची हमी देऊ नये. नव्या घराचे कर्ज मंजूर होईल, बिल्डर चावी देईल, मुलगा पैसे पाठवील, या भरवशावर तारीख देणारा माणूस दुसऱ्याच्या वागण्याचा विडा उचलतो आहे. खरोखर जमणार नसेल तर सहीपूर्वीच जास्त मुदत मागावी. सही झाल्यावर अडचण आलीच, तर मुदत संपण्याआधी, कागदपत्रांसह, मुदतवाढीचा अर्ज करावा. कायद्यात ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आहे. इस्पितळाची कागदपत्रे घेऊन वेळेत न्यायालयापुढे येणारा आणि कुलूप लावून गायब होणारा, यांत न्यायालय फरक करते. तारीख उलटून गेल्यावरचा अर्ज बहुतेक वेळा माफीनाम्यासारखाच वाचला जातो.

हमीपत्र दाखल करायलाही मुदत असते. ती आदेशातच लिहिलेली असते आणि बहुधा काही आठवड्यांची असते. त्या मुदतीत कागद गेला नाही तर जागेत राहण्याची सवलत जाते आणि मालक लगेच दरखास्त करू शकतो. मागाहून ‘टायपिंग राहिले’ सांगून भागत नाही.

राहिली भाषा. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, त्यामुळे तिथे हमीपत्र सरळ मराठीत द्यावे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात कागद इंग्रजी असतो, आणि सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून, समजावून सांगितल्याची नोंद खाली केली जाते. ही नोंद म्हणजे उपचार नव्हे. समजावणाऱ्याने मजकूर खरोखर वाचावा, ‘अंडरटेक’ आला तिथे थांबावे, ‘हे तुम्ही मालकाला नाही, कोर्टाला सांगताय’ एवढे स्पष्ट सांगावे, आणि तारीख त्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यावी. पाच मिनिटे जातात. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी तर ही पाच मिनिटे म्हणजेच सगळा न्याय आहे.

ताबा देण्याच्या दिवशी मालकाला नुसती चावी देऊन निघू नये. दोघांच्या सह्यांची ताबापावती करावी : तारीख, वेळ, किती चाव्या दिल्या, वीज मीटरचे वाचन, जागेत काही सामान राहिले असल्यास त्याची यादी, दोन साक्षीदार. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढावेत. पावतीची प्रत वकिलामार्फत न्यायालयात दाखल करून हमी पूर्ण झाल्याचे नोंदवावे आणि एक प्रत घरी जपून ठेवावी.